झाशीच्या राणीसाहेबांची पहाटेची तालीम

रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्यात कोट नावाचे गाव आहे. झाशीच्या नेवाळकर घराण्याचे हे मूळ गाव. पेशवाईत हे घराणे घाट चढून खानदेशात गेले, पारोळ्यास स्थिरावले, आणि त्यांतील रघुनाथ हरी यांजकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बुंदेलखंडातील झाशीची सुभेदारी आली. कर्त्या माणसाने घाट चढावा आणि त्याच्या नातवंडांनी कोकणचे नाव तेवढे ऐकावे, ही आपल्याकडील जुनीच रीत. महाराणी लक्ष्मीबाईंचे सारे आयुष्य काशी, ब्रह्मावर्त, झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेर एवढ्या परिघात गेले. तरीही सासरचे नेवाळकर व माहेरचे तांबे ही दोन्ही घराणी कऱ्हाडे असल्यामुळे, ज्ञातीच्या कोणत्याही वार्षिकात दर दोनचार वर्षांनी राणीसाहेबांवर एक लेख यावयाचाच. असे अनेक लेख आम्ही वाचले आहेत, आणि खरे सांगावयाचे तर त्यांतील एकदोन आम्हीच लिहिले आहेत. त्या सर्वांचा आरंभ तलवारीपासून होतो व शेवट अभिमानात होतो. यंदा आम्ही तलवारीच्या अलीकडे थांबावयाचे ठरविले आहे. ती तलवार ज्या हाताने धरली तो हात कसा घडला, आणि हाताहूनही महत्त्वाचे म्हणजे त्यामागील मन कसे घडले, एवढाच या लेखाचा विषय.

जन्म काशीचा. तारीख 19 नोव्हेंबर ही सर्वमान्य आहे. वर्ष मात्र कोणी 1828 धरतात, तर राणीसाहेबांचे पहिले विस्तृत मराठी चरित्र 1894 साली प्रसिद्ध करणारे दत्तात्रय बळवंत पारसनीस 1835 देतात. पाळण्यातील नाव मणिकर्णिका, घरात मनू. वडील मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजी अप्पा यांच्या आश्रयास काशीस होते. आई भागीरथीबाई मुलगी अगदी लहान असतानाच निवर्तली. पुढे मोरोपंत मुलीला घेऊन ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरास, बाजीरावाकडे आले. 1818 मध्ये राज्य गमावून तेथे येऊन राहिलेला तो पेशवा. त्याच्याभोवती पुण्याचे एक लहानसे प्रतिबिंब उभे होते : तीच यज्ञयागांची गडबड, तेच पंक्तिप्रपंच, आणि तीच तालीम.

आईवेगळी मुलगी वडिलांच्या मागेमागे पुरुषांच्या चौकात वाढली. नानासाहेब व त्यांची भावंडे जे शिकत ते ती शिकली. अक्षरओळख, घोडा, तलवार, बंदूक, आणि मल्लखांब. बाजीराव तिला कौतुकाने छबिली म्हणत. हत्तीवर बसण्यावरून नानासाहेबांशी झालेल्या रुसव्याची कथा प्रत्येक शाळकरी पुस्तकात आहे, तेव्हा ती येथे पुन्हा सांगत नाही. या शिक्षणातील ज्या एका अंगाकडे लेखकांचे दुर्लक्ष होते त्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहावे असे वाटते. ते अंग म्हणजे मल्लखांब.

मल्लाच्या सरावासाठी पुरलेला खांब हा प्रकार आपल्याकडे फार जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो. पण मधल्या काळात तो मागे पडला होता. त्याला नवे रूप दिले ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी, असे व्यायामशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. निजामाच्या राज्यातून अली व गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यास आले आणि कुस्ती द्या नाही तर जितपत्र द्या असा हट्ट धरून बसले. तरुण बाळंभटांनी आव्हान स्वीकारले, मुदत मागून घेतली आणि सप्तशृंगीच्या गडावर जाऊन उपासना केली. तेथे वानरांच्या झाडावरील हालचाली पाहून त्यांना खांबावरील उड्या व पकडी सुचल्या, आणि परत येऊन त्यांनी अलीस चीत केले, अशी ती कथा. कथेतील दैवी भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. आम्हांस त्यातील मागून घेतलेली मुदत महत्त्वाची वाटते. आव्हान आले त्याच दिवशी अंगावर माती घेणारे पुष्कळ असतात. स्वतःत अजून काय कमी आहे हे ओळखून वेळ मागणारा विरळा.

ज्यांनी मल्लखांब केवळ गॅदरिंगमध्ये दुरून पाहिला असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. सागाचा किंवा शिसवीचा, खाली जाड व वर निमुळता होत गेलेला गुळगुळीत खांब जमिनीत घट्ट पुरतात. त्याचे अंग, त्यावर मान, आणि शेंड्याला बोंड. त्यास एरंडेल चोळतात. चढणाऱ्याचा मुख्य आधार हात नव्हेत. मांड्या व पोटऱ्या यांच्यामध्ये खांब आवळून धरावयाचा, त्या पकडीस अढी म्हणतात. अढी पक्की झाली की हात मोकळे होतात, अंग उलटे टाकता येते. बगली, दसरंग, तेढी, वेल, सुईदोरा या साऱ्या करामतींच्या मुळाशी ती एकच पकड. कुस्तीत समोरच्याला ढकलता येते, फसविता येते, त्याच्या चुकीची वाट पाहता येते. खांब चूक करीत नाही. तो हलत नाही, दमत नाही, रागावत नाही. घसरला तो माणूस स्वतःच्याच भीतीने घसरला, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

आम्ही हे थोड्याफार अनुभवाने लिहीत आहोत. बालपणी रत्नागिरीतील एका आखाड्यात आम्हीही दोन पावसाळे काढले. उलटे होऊन हात सोडण्याची पाळी आली की आम्ही दर वेळी डोळे मिटून घेत असू. शिकविणाऱ्या गुरुजींनी अढीविषयी काही न बोलता आम्हांस एक महिनाभर फक्त उलटे राहून समोरच्या भिंतीवरील मारुतीच्या तसबिरीकडे पाहावयास लावले. महिन्याच्या अखेरीस अढी आपोआप सुधारली होती. मल्लखांबपटू आम्ही काही झालो नाही. पण त्या तसबिरीची चौकट कोणत्या कोपऱ्यात उसवली होती ते आजही आठवते.

मनूच्या बाबतीत या पकडीचा एक व्यावहारिक परिणाम झाला असावा असे आमचे मत आहे. जी अढी खांबावर, तीच मांड घोड्यावर. लगामास लटकून बसणारा स्वार आणि मांडीच्या पकडीवर बसणारा स्वार यांत फार अंतर असते. दुसऱ्याचे दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. पुढे पाठीशी मूल बांधून रात्रीतून मजल मारण्याचा जो प्रसंग आला त्याची तयारी बिठूरच्या त्या तेलकट खांबावर, कोणाच्याही ध्यानीमनी नसताना, होत होती.

1842 च्या मे महिन्यात झाशीचे संस्थानिक गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी विवाह झाला आणि मनूची लक्ष्मीबाई झाली. गंगाधरराव वयाने पुष्कळ मोठे, नाटकाचे व ग्रंथसंग्रहाचे षोकी, स्वभावाने कडक. राजवाड्याच्या बंदोबस्तात बिठूरचा मोकळेपणा राहिला नाही. या वर्षांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. 1851 मध्ये मुलगा झाला, तो काही महिन्यांतच गेला. 20 नोव्हेंबर 1853 रोजी मरणशय्येवर असलेल्या गंगाधररावांनी नात्यातील आनंदराव या लहान मुलास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेविले, आणि दुसऱ्याच दिवशी ते वारले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी दत्तक नामंजूर केले. 1854 च्या आरंभीच झाशी खालसा झाली. राणीसाहेबांना महिना 5000 रुपयांची नेमणूक व राहावयास शहरातील वाडा मिळाला. किल्ला सोडावा लागला. अर्जांवर अर्ज गेले, विलायतेपर्यंत दाद मागण्यात आली. उपयोग झाला नाही.

आता येथे वाचकांनी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. 1854 ते 1857 या तीन वर्षांकडे कोणी पाहत नाही, कारण त्यांत काही घडत नाही. एक तरुण विधवा, राज्य गेलेले, पोटचे मूल गेलेले, दत्तक मुलाचा हक्क नाकारलेला. फौज नाही, किल्ला नाही. त्या काळच्या रूढीप्रमाणे अशा स्त्रीने माळ घेऊन कोपऱ्यात बसावयाचे. राणीसाहेबांनी माळ घेतली. पूजाअर्चा, व्रते, केशवपन न केल्याबद्दलचे रोजचे प्रायश्चित्त, सर्व काही पाळले. आणि त्याच्या जोडीला पहाटेची तालीमही चालू ठेवली.

याला साक्षीदार आहे, आणि तो कोकणातलाच आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, या आशेने ते 1857 साली निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. फिरत फिरत झाशीस पोहोचले व काही महिने राणीसाहेबांच्या आश्रयास राहिले. घरी परतल्यावर पुष्कळ वर्षांनी त्यांनी आपली हकीगत लिहून काढली. ती चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये माझा प्रवास या नावाने संस्कार करून छापली, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये काढली. गोडसे भटजींना युद्धशास्त्र कळत नव्हते, राजकारण त्याहून कमी. पण आश्रित माणसाची नजर बारीक असते. यजमानीण केव्हा उठते, काय नेसते, कोणावर रागावते, हे त्यांनी टिपून ठेविले आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे बाईसाहेबांस शरीरसामर्थ्याची फार आवड होती. भल्या पहाटे उठून मल्लखांब, जोर वगैरे मेहनत करावयाची, मग घोडा मंडळावर धरावयाचा, क्वचित हत्तीवरही बसावयाचे, आणि त्यानंतर स्नान, पूजा व कामकाज. भटजींनी हे पाहिले तेव्हा झाशीचा कारभार पुन्हा राणीसाहेबांच्या हाती आलेला होता. पण ज्या सहजतेने ते या दिनक्रमाचे वर्णन करतात त्यावरून तो कालपरवा सुरू झालेला नव्हता हे उघड आहे. एरंडेल लावलेल्या खांबावर चार वर्षांनी एकाएकी चढता येत नाही.

हे आम्ही मुद्दाम लिहितो त्याला कारण आहे. आपल्या ज्ञातीतील मुली आज मल्लखांब, ज्यूदो, कराटे, लाठीकाठी सर्व काही शिकतात. दोरीच्या मल्लखांबावर त्यांची चपळाई पाहून आमच्यासारख्या जुन्या माणसाची छाती भरून येते. 2019 साली मुंबईस शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती पाहण्यास आपल्यातील काही कुटुंबे मुलाबाळांसह गेली होती. परंतु प्रमाणपत्र मिळाले, दहावीच्या परीक्षेत खेळाचे वाढीव गुण पदरात पडले, की दुसऱ्या दिवसापासून ती पहाट बंद होते. विचारले तर आईवडील म्हणतात की आता पुढे त्याचा काय उपयोग. हा प्रश्न 1855 साली झाशीच्या त्या वाड्यात कोणी विचारला असता तर त्याला खरोखरच उत्तर नव्हते. पुढे दोन वर्षांनी काय होणार हे तिथे कोणाला ठाऊक होते? राणीसाहेब युद्धासाठी तयारी करीत होत्या असे म्हणणारे चरित्रकार आहेत. आम्हांस ते पटत नाही. त्या वर्षांत त्यांचे सर्व प्रयत्न कागदोपत्री दाद मागण्याचे होते. तालीम चालू होती ती कशाच्या तयारीसाठी नव्हे. सर्व काही हातातून गेल्यावर स्वतःच्या ताब्यात जे उरले होते, म्हणजे स्वतःचे शरीर व स्वतःचे मन, ते ढासळू द्यावयाचे नाही, एवढाच त्यामागील हेतू असावा.

या रोजच्या मेहनतीने दृष्टी कशी तयार होते त्याची एक गोष्ट गोडसे भटजींनीच दिली आहे. घोड्याची पारख करणारी तीनच माणसे त्या वेळी उत्तरेत नामांकित होती : नानासाहेब पेशवे, ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे आणि झाशीच्या बाई. एकदा एक सौदागर दोन देखणी जनावरे घेऊन आला. बाईसाहेबांनी दोन्ही घोडे स्वतः फिरवून पाहिले, आणि एकाची किंमत हजाराच्या घरात केली तर दुसऱ्याची अवघी पन्नास रुपये. पाहणारे चकित झाले, कारण दिसण्यात दोन्ही सारखेच. दुसरा घोडा छातीत दुखावलेला आहे असे बाईंनी सांगितले, आणि सौदागराने औषध चारून तो तजेलदार केल्याचे कबूल केले. वरचा तजेला आणि आतली दुखापत यांतील फरक ज्याला कळावयाचा त्याने आधी तो स्वतःच्या अंगात ओळखलेला असतो. रोज पहाटे खांबाशी झुंजणाऱ्याला आज आपला श्वास कोठे अडतो, कोणती बाजू कच्ची आहे, हे दुसऱ्या कोणाआधी कळते.

जून 1857 मध्ये झाशीच्या पलटणींनी बंड केले. 8 जून रोजी जोखनबागेत शरण आलेल्या सुमारे 60 इंग्रज स्त्रीपुरुष व मुलांची कत्तल झाली. हा प्रसंग आपल्या लेखांतून बहुधा गाळला जातो. तो गाळण्याचे कारण नाही. राणीसाहेबांचा त्यात हात असल्याचा पुरावा इतिहाससंशोधकांना मिळालेला नाही, आणि तो घोर प्रकार होता हेही खरे आहे. शिपाई पैसा घेऊन दिल्लीकडे निघून गेले. शहर निर्नायकी झाले. ते सावरण्याचे काम ओघानेच राणीसाहेबांकडे आले. पारोळ्याकडील सदाशिवराव नेवाळकर हे गादीचा हक्क सांगत करेऱ्याचा किल्ला घेऊन बसले, त्यांचा बंदोबस्त झाला. ओरछ्याचा नथेखान चालून आला, त्यालाही परतवून लावले. घरातील भाऊबंद आणि शेजारचा राजा, हे दोन पहिले शत्रू. यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही, भाऊबंदकी म्हणजे काय ते कोकणात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

मार्च 1858 च्या तिसऱ्या आठवड्यात सर ह्यू रोज झाशीपुढे येऊन ठाकला. वेढ्याची हकीगत सर्वश्रुत आहे. भवानीशंकर व कडक बिजली या तोफा, गोलंदाज गुलाम गौसखान, तटावर चुना-विटा व दारूगोळा वाहणाऱ्या बायका. या बायका इंग्रजांनी आपल्या दुर्बिणींतून पाहिल्या आणि लिहून ठेविल्या. कोरी समाजाची झलकारीबाई, पठाण, बुंदेले, मराठे, सारेच त्या तटावर होते. राणीसाहेबांना आपल्या ज्ञातीपुरते करून घेण्याचा मोह ज्यांना होतो त्यांनी झाशीच्या किल्ल्यात गुलाम गौसखान, खुदाबक्ष व मोतीबाई यांच्या समाधीपुढे जरा उभे राहून यावे. 1 एप्रिल रोजी मदतीस आलेल्या तात्या टोप्यांचा बेटवेच्या काठी पराभव झाला. 3 एप्रिलला गोरे तटावरून आत उतरले.

येथे या लेखाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे दोन प्रसंग येतात. गोरे शहरात शिरलेले पाहताच राणीसाहेब आपल्या निवडक लोकांनिशी किल्ल्यावरून खाली उतरल्या आणि तलवारीची लढाई झाली. गल्ल्यागल्ल्यांतून, घराघरांच्या आडून बंदुका चालू लागल्या. अशा वेळी पुढेच घुसत जाण्याची ऊर्मी किती प्रबळ असेल! तेव्हा एका वृद्ध सरदाराने वाट अडवून सांगितले की पुढे जाणे म्हणजे आडोशाच्या गोळीला व्यर्थ बळी पडणे आहे, आपण परत फिरावे. आणि त्या परत फिरल्या. तलवार रक्ताने माखलेली, डोळ्यांसमोर शहर जळत असलेले, अशा स्थितीत एका म्हाताऱ्याचा शब्द ऐकू येणे आणि तो खरा आहे हे पटणे, ही आमच्या मते त्या दिवसातील सर्वांत अवघड कसरत होय. शस्त्र उचलावयास शिकविणारे वस्ताद पुष्कळ असतात. उचललेले शस्त्र अर्ध्या वाटेवर आवरण्याचे शिक्षण आतूनच यावे लागते.

दुसरा प्रसंग त्यानंतरचा. किल्ल्यात परतल्यावर शहरातील अनर्थ पाहून राणीसाहेबांचे धैर्य खचले. ज्यांनी आपल्यावर विश्वास ठेविला त्या लोकांची ही दशा आपल्यामुळे झाली, असे त्यांना वाटले. वाड्यात दारू भरून स्वतःस उडवून घ्यावे, असा विचार त्यांनी बोलून दाखविला. गोडसे भटजींनी हे लपविलेले नाही, आणि आम्हीही लपवीत नाही. वीरांच्या चरित्रातून अशी पाने फाडून टाकण्याची आपल्याला खोड आहे. पण ज्याचे मन कधी खचलेच नाही त्याच्यापासून खचणाऱ्या माणसाने काय शिकावे? वृद्धांनी पुन्हा समजावले की आत्मघात हे पाप आहे, त्यापेक्षा रात्री वेढा फोडून बाहेर पडावे, आणि मरणच आले तर ते रणात यावे. राणीसाहेबांनी ऐकले, मन शांत केले, आणि तयारीस लागल्या. तासा-दोन तासांच्या अंतराने एकच व्यक्ती आधी खचते आणि मग घोड्यास खोगीर चढविण्याची आज्ञा देते. आपले मन आता कोठे घसरले आहे हे ज्याला कळते, त्यालाच पुन्हा वर चढता येते. खांबावरून घसरण्याची रोजची सवय असल्यावाचून हे कोणास साधत असेल असे वाटत नाही.

4 एप्रिलच्या रात्री त्या निघाल्या. पुरुषी पोशाख, अंगात चिलखत, कमरेस शस्त्रे, पाठीशी दामोदरराव. बरोबर पैसा म्हणून घेतला नाही, एक रुप्याचा जांब तेवढा पदरी बांधला होता. सकाळी भांडेरजवळ इंग्रजांच्या तुकडीने गाठले. पाठलागावरील अधिकारी बोकर जखमी झाला आणि पाठलाग तेथेच थांबला. काल्पी शंभर मैलांच्या वर. ते अंतर एका अहोरात्रात कापले गेले. आम्ही वर ज्या अढीविषयी लिहिले ती वाचकांनी येथे आठवावी.

काल्पीच्या वाटेवर गोडसे भटजींची व राणीसाहेबांची पुन्हा एकदा गाठ पडली. हा प्रसंग आम्ही कितीदा वाचला असेल याची गणती नाही. भटजी एका विहिरीपाशी होते. पठाणी पोशाखातील एक स्वार आला, सर्वांग धुळीने भरलेले, तोंड सुकलेले. भटजींनी ओळखले. पाणी काढून देण्यासाठी ते पुढे झाले, तेव्हा राणीसाहेबांनी त्यांना थांबविले. भटजी विद्वान ब्राह्मण, त्यांनी आपल्यासाठी पाणी ओढू नये, असे म्हणून मातीच्या भांड्याने स्वतःच पाणी काढले आणि ओंजळीने प्याल्या. मग थोडेसे बोलल्या. आपल्यासारख्या विधवेच्या गरजा त्या किती, मूठभर तांदळात भागले असते, या उद्योगात पडण्याचे आपणांस काही कारण नव्हते. पण धर्माभिमानाने हे पत्करले, आणि ईश्वराने यश दिले नाही. अशा आशयाचे ते बोलणे होते. त्यात रडगाणे नाही, कोणावर ठपका नाही, की खोटी उमेदही नाही. आपण काय केले, का केले आणि त्याचे काय झाले, हे तिन्ही त्यांना स्वच्छ दिसत होते. राज्य गमावलेली राणी एका भिक्षुकाशी विहिरीच्या काठावर उभी राहून इतके सरळ बोलते, हे आम्हांस तटावरील तलवारीपेक्षाही मोठे वाटते. पाणी पिऊन झाल्यावर त्या घोड्यावर बसून काल्पीकडे गेल्या.

पुढचे थोडक्यात सांगतो. 7 मे रोजी कोंच येथे, आणि 22-23 मे रोजी काल्पीस पराभव झाला. 1 जून रोजी बंडवाल्यांनी ग्वाल्हेर घेतले, आणि मग तेथे समारंभ सुरू झाले. रावसाहेब पेशव्यांचा राज्याभिषेक, ब्राह्मणभोजने, दक्षिणा. शत्रू मागावर असताना पंक्ती उठत होत्या. राणीसाहेबांना हे मान्य नव्हते, असे पारसनीसांसह बहुतेक चरित्रकार सांगतात. त्यांनी आपल्या वाट्यास ग्वाल्हेरची पूर्वबाजू घेतली. 16 जूनला मोरार पडले. 17 जून 1858 रोजी कोटा की सराय येथे इंग्रजांच्या हुजार स्वारांशी गाठ पडली.

त्या दिवशी त्यांच्याकडे नेहमीचा घोडा नव्हता. ग्वाल्हेरच्या पागेतील नवे जनावर त्यांना घ्यावे लागले होते, असे परंपरेने सांगतात. ओढ्याच्या काठाशी येताच ते जागच्या जागी फिरू लागले, पलीकडे उडी घेईना. जिने सौदागराच्या घोड्याची दुखापत नुसत्या रपेटीत ओळखली तिला शेवटच्या दिवशी न पारखलेल्या घोड्यावर बसावे लागले. मागून स्वारांनी गाठले. वार डोक्यावर व छातीत बसले. विश्वासू माणसांनी, त्यांत रामचंद्रराव देशमुख होते, त्यांना जवळच्या गंगादास बाबांच्या मठीत नेले. तेथे प्राण गेल्यावर गवताच्या गंजीवर घाईने अग्नी देण्यात आला, देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून. ह्यू रोजने पुढे आपल्या अहवालात बंडवाल्यांच्या सर्व सेनानींमध्ये ह्या स्त्रीस शौर्यात पहिले स्थान दिले.

दामोदरराव वाचला. पुष्कळ हालअपेष्टा सोसून तो इंदुरास पोहोचला, इंग्रजांच्या लहानशा तनख्यावर तेथेच राहिला आणि 1906 मध्ये वारला. आणि विष्णुभट गोडसे, कर्ज फेडण्यासाठी घराबाहेर पडलेले, लुटले गेले, उपाशी राहिले, आणि अखेरीस गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन वरसईस परत आले. झाशीच्या वाड्यातील त्या पहाटेची आठवण त्यांच्याबरोबर कोकणात आली, आणि कितीतरी वर्षांनी, दिव्याच्या उजेडात, त्यांनी ती मोडीत लिहून काढली.